फक्त हातांचा व्हिडिओ

निपाणी,
रविवार दुपार

प्रिय क्षमा,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुला आधी धास्तीच वाटेल, म्हणून पहिल्या ओळीतच सांगते, घरी सगळे बरे आहेत. तुझ्या दाजींचा गुडघा दुखतोय आणि ते वखारीत जायचं काही सोडत नाहीत, एवढंच. फोन करता आला असता. पण फोनवर तू मला दोन वाक्यांच्या पुढं जाऊ देत नाहीस, आणि मेसेज लिहिला तर तो आपल्या हातात राहत नाही, हे आता आपल्या दोघींनाही कळलंय. म्हणून कागद घेतला. सावकाश वाच. मध्येच फोन उचलू नकोस.

तुझ्या 'सुईदोरा' ग्रुपबद्दलच लिहायचंय. सांगलीला गेल्यावर करमत नव्हतं म्हणून तू तो काढलास आणि क्रोशाच्या रुमालापलीकडं काही न येणाऱ्या मला पहिल्याच दिवशी आत ओढलंस. आईच्या साड्यांची वाकळ मी शिवायला घेतली, तेव्हा मध्ये फुगे यायचे आणि कडा वळायच्या. फोटो टाकला तर सगळ्यांनी गुलाबाची फुलं पाठवली. मालुबाईंनी तेवढं लिहिलं, "ताई, मधनं शिवत कडंला जाऊ नका. कडंनं सुरू करा आन् आत या. कापड आपसूक बसतंय." मला ते उलटंच वाटलं. पण उसवून पुन्हा शिवली आणि वाकळ सपाट बसली. तेव्हापासून कुणीही अडलं की ग्रुपवर एकच उत्तर असायचं, मालुबाईंना विचारा. नंदगडजवळच्या खेड्यातल्या आहेत, एवढंच आपल्याला ठाऊक. त्यांनी चेहऱ्याचा फोटो कधी टाकला नाही. वाकळींचे टाकायच्या, एकीपेक्षा एक.

दसऱ्यानंतर त्या गप्प झाल्या. बऱ्याच दिवसांनी परत आल्या आणि विचारलं काय, तर दोरा सारखा गुंततोय, काय करायचं? मला थट्टा वाटली. मग विचारलं, सुईत दोरा केवढा लांब घ्यायचा. मग, गाठ कुठल्या बाजूला मारायची. जिनं आपल्याला सुई धरायला शिकवलं तिनं हे विचारावं? बोलणंही बदललेलं. पूर्वी परिच्छेदच्या परिच्छेद लिहिणारी बाई आता "व्हय", "न्हाय", "बरं" एवढ्यावर आली. तूच मला लिहिलंस, आक्का, हे खातं दुसऱ्या कुणाच्या तरी हातात गेलंय. मला पटलं. माझ्या मनात तेच घोळत होतं, फक्त शब्द सापडत नव्हता.

मग तो मेसेज आला. ग्रुपवर नाही, मला एकटीला. "ताई, शिवताना हातांचा व्हिडिओ पाठवा. तोंड नको. फक्त हात."  मी माझेच हात उलटेपालटे करून बघत बसले. दाजींना दाखवलं, तर ते म्हणाले, "बांगड्या बघायच्या असतील. सोनं किती घालतेस ते कळतंय की." मी त्या दिवशी पाटल्या काढून कपाटात ठेवल्या. चार दिवसांनी परत, "उजव्या हाताचा पाठवा. जवळनं. सावकाश." चिकोडीच्या अनुराधालाही असंच आल्याचं तिनं सांगितलं. नंतर एकदा सकाळी त्या नंबरवरून फोन आला. मी हॅलो हॅलो करतेय आणि पलीकडं कुणी बोलेना. नुसता श्वास ऐकू येत होता आणि लाकडावर काहीतरी आपटल्यासारखं टक टक. मग फोन कट. मी घाबरून दाराला कडी घातली, दिवसाढवळ्या.

पुढचं तुला माहीतच आहे. तू व्हिडिओ कॉल लावलास, समोर पांढऱ्या मिशांचा माणूस आला, तू त्याचा फोटो काढून घेतलास आणि नंबर काढून टाकलास. ग्रुपवर लिहिलंस, बाईच्या नावानं बायकांच्या हातांचे व्हिडिओ मागणारा माणूस, सावध राहा, पुढे पाठवा. लोकांनी पाठवलं. संध्याकाळपर्यंत तो फोटो मला आपल्या जैन बस्तीतल्या बायकांच्या ग्रुपवर आला आणि दाजींना तंबाखूच्या व्यापाऱ्यांच्या. मला तुझा अभिमान वाटला, क्षमा. शेजारणीला मी फोन दाखवून सांगितलं, हे माझ्या धाकट्या बहिणीनं पकडलंय.

तो नंबर मीही बंद केला आणि मला वाटलं, संपलं. पण आठवड्याभरानं दुसऱ्याच नंबरवरून एक फोटो आला. लहानसं दुपटं, बाळाला घालतात तेवढं. टाके एक लांब, एक आखूड, कोपरा सगळा चुरगळलेला. खाली लिहिलेलं, "ताई, आमाला काढलासा, बरं केलासा. पर एवढा कोपरा सांगा. मग तरास देत न्हाय." मी नंबर बंद करायला गेले आणि थांबले. दुपट्याला हिरव्या इरकली काठाची पट्टी होती. ती पट्टी मी ओळखली. मालुबाईंनी पूर्वी तिचा फोटो टाकून लिहिलं होतं की ही माझ्या लग्नातली, नातवंडासाठी राखून ठेवली आहे. कापड याच्या हातात, फोन याच्या हातात, मग बाई कुठं आहे? आपण सगळ्यांनी त्याला चोर ठरवला, पण ज्या बाईचं चोरलं तिचं काय झालं, हे आपल्यातल्या एकीनंही विचारलं नव्हतं. मला एकदम फार वाईट शंका आली. ती इथं लिहीत नाही, तुला समजेल.

मी त्याला पत्ता विचारला. का, कशाला, असं काही न विचारता त्यानं तो लगेच पाठवला. गावात येऊन भावकूचं घर इचारा म्हणाला. दाजी म्हणाले, "एवढ्या तयारीनं बोलावतोय म्हणजे नक्की काहीतरी गौडबंगाल हाय. पोलिसात देऊया." मी म्हटलं, आधी बघू. मग ते म्हणाले, "मी येणार." लोकांना बेळगावच्या खडेबाजारात कापड आणायला निघालोय असं सांगून आम्ही गाडी काढली आणि बेळगाव, खानापूर मागं टाकून पुढं गेलो. रस्ताभर मी खोटं बोलण्याच्या जागा शोधत होते, आम्ही कोण म्हणून सांगायचं, कशासाठी आलो म्हणायचं. गावात दुकानदाराला भावकूचं घर विचारलं तर त्यानं आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "तुम्ही पण त्या फोटोवरनं आलासा व्हय?"

दारात तोच माणूस. त्याच मिशा. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. दाजी गाडी चालू ठेवूनच बाहेर उभे राहिले. मी म्हटलं, मालुबाईंना भेटायचंय. तो दारातून हलेना. म्हणाला, "आत पेशंट हाय. फोटो काढू नका, एवढं ऐका." मी फोन पर्समध्ये टाकला आणि त्याच्या बाजूनं आत शिरले.

क्षमा, मालुबाई खाटेवर होत्या. मला बघताच डाव्या हातानं पदर ओढून त्यांनी तोंड झाकलं. दसऱ्यानंतर त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तो उजवा हात उशीवर ठेवलेला होता, दुसऱ्या कुणाचा आणून ठेवावा तसा. मी कोण ते सांगितलं आणि भावकू, त्यांचा नवरा, तिथंच जमिनीवर बसला. "तिला बोलता येत न्हाय, मला शिवता येत न्हाय," तो म्हणाला. "म्हून तुमचं हात मागितलं." एखादीचा व्हिडिओ आला की तो फोन तिच्यासमोर धरायचा, तिला पटला तर तसंच करून बघायचा. चुकला की ती खाटेच्या लाकडावर डावा हात आपटायची. माझ्या कानात फोनवर आलेली टक टक तीच. मला काहीतरी सांगायला तिनंच फोन लावायला लावला होता, आणि तोंडातून शब्द येईना म्हणून रडायला लागली, तेव्हा त्यानं कट केला.

मी विचारलं, अहो, हे ग्रुपवर एका ओळीत लिहिलं असतं तर? त्यानं खाटेकडं बघितलं. "तिला नको हाय. मी लिवाय बसलो की खाट बडवती. ग्रुपातल्या बायका तिला लई मानतात, त्यांना हे कळाय नको." तू व्हिडिओ कॉल केलास तेव्हाही ती समोरच होती, क्षमा. फोन तिच्याकडं वळवला असता तर सगळं तिथंच मिटलं असतं. तिनं मान हलवली आणि त्यानं फोन वळवला नाही.

मी दुपटं हातात घेतलं आणि कोपरा उसवून दुमडायला लागले. थोड्या वेळानं त्यांच्या तोंडावरचा पदर सरकला. मी शिवतेय आणि त्या बघतायत. मग टक. मी टाका काढला, परत घातला. परत टक. मला वाटत होतं की मला आता येतं! तिसऱ्यांदा शांतता. भावकू हसला, "माज्यावर तर दिसभर वाजती." दाजी कधी आत येऊन चहा घेत बसले ते मला कळलंही नाही. निघायच्या वेळी भावकू म्हणाला, "तुमी बस्तीची मानसं, दिस बुडायच्या आत जेवून जावा," आणि कांदा न घालता केलेली आमटी त्यानं स्वतःच्या हातानं वाढली. त्या घरात आता सगळं तोच करतो.

आता मी हे का लिहिलं ते सांगते. ते दुपटं त्यांच्या लेकीसाठी, ऋतिकासाठी आहे. ती उचगावला दिलीय, दिवस भरत आलेत, पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ठरलेलं. तो फोटो तिच्या सासरी पोचला. भावकूनं जाऊन सगळं सांगितलं, पोरगीही बापाच्या बाजूनं भांडली. सासरच्यांचं एकच म्हणणं, ज्यांनी टाकलं त्यांनी चुकलं म्हणून लिहूदे, मग पाठवतो. तर तू लिही, तुझ्या नावानं. त्या माणसाचा फोटो मी चौकशी न करता टाकला, त्याचा काही दोष नाही, ज्यांनी पुढे पाठवला त्यांनी हेही पाठवा. एवढंच लिही. मालुबाईंचं आजारपण, खाट, हात, यातलं अक्षरही नको. मी निघताना त्यांना विचारलं, ग्रुपवर सांगू का? त्यांनी माझं मनगट धरलं आणि कितीतरी वेळ सोडलं नाही. त्यांना न विचारता तुला हे लिहितेय, कारण नुसतं 'चुकलं म्हणून लिही' म्हटलं असतं तर तू ऐकलं नसतंस. मला ठाऊक आहे, बायका तुला खोदून खोदून विचारतील. त्यानं धमकी दिली का, पैसे दिले का, ओळखीतला निघाला का, असंही म्हणतील. त्यांना तुझा संशय येईल. तो येऊ दे. भावकूनं बायकोसाठी गावभरचा सोसला, तू थोडे दिवस सोस. आक्काला कुणीतरी गुंडाळलं असं वाटत असेल तर दाजींना फोन कर, ते उगाच कुणावर विश्वास ठेवणाऱ्यातले नाहीत. पण आजच लिही, क्षमा. ऋतिकाला नववा लागलाय.

तुझीच,
शालनआक्का