पंख्यावरचं गंध

अप्पा,

अमावस्येच्या सकाळी मी पूजेचं ताट पायरीवर तसंच ठेवलं आणि आधी ट्रक चालू केला. अंगणात उभ्याउभ्या तापू दिला. तापमानाचा काटा लाल पट्टीजवळ गेल्यावर इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं आणि रेडिएटरच्या मागं हात घालून पंखा बोटानं ढकलला. तो गर्रकन फिरला. तापलेल्या इंजिनाचा पंखा असा मोकळा फिरायला नको होता. मला वाईट वाटायला पाहिजे होतं, पण खरं सांगतो, बरं वाटलं. धाकट्यावरचा माझा संशय खरा ठरत होता.

हा ट्रक तुम्ही पाहिलेला नाही. तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी आम्ही दोघा भावांनी तो लष्कराच्या लिलावातून आणला आणि वर पाण्याची टाकी बसवली. दुबलगुंडी, मुडबी अशा गावांत, जिथं दुसरा टँकर काळ्या मातीत रुततो तिथं हा जातो. धाकटा चालवतो, मी गिऱ्हाइकं बघतो. तुमच्या ट्रकाचा पंखा सरळ बोल्टांनी आवळलेला असायचा, इंजिनाबरोबर फिरायचा. याच्या पंख्याच्या मधोमध क्लच आहे. इंजिन थंड असलं की तो पंख्याला सैल सोडतो. रेडिएटरमधून गरम वारा आला की क्लचच्या तोंडावरची पातळ पट्टीची गुंडाळी ताणली जाते, आतलं दाट तेल सरकतं आणि पंखा घट्ट धरला जातो. मग तो जोरानं फिरतो.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला धाकटा ट्रक घेऊन जहिराबादला गेला आणि रात्रभर तिकडंच राहिला. त्यानंतर मंठाळच्या चढावर गाडी उकळली. पुन्हा उकळली. लिलावातल्या गाड्यांचे सुटे भाग तिकडं लगेच खपतात, हे मला ठाऊक होतं. हुमनाबादच्या मिस्त्रीनं नुसतं वाकून बघितलं आणि म्हणाला, "क्लच गया, अण्णा. बोल्ट मारके जाम कर देता मैं, हमेशा फिरता रहेगा." इतक्या लवकर कसं कळलं याला? मला वाटलं, हाही सामील असेल. चांगला क्लच काढून निकामी बसवायचा आणि वर बोल्ट मारून पुरावाच बुजवायचा.

त्या संध्याकाळी जेवताना मी धाकट्याच्या हाताकडं बघत होतो.

"कामून असं बघायलास, अण्णा?"

"जहिराबादला गाडी कुठं लावली होतीस?"

त्यानं घास खाली ठेवला. "पंखा विकला म्हणायलास व्हय? घरची गाडी हाय. उद्या म्हणशील, टाकीतलं पाणीबी मीच पिलो."

मी हसलो नाही. चाबी मागून घेतली. त्यानं वाद घातला नाही आणि तेच मला जास्त खटकलं. पुढं कळलं, हैदराबादला कुणाच्या तरी बसवर ड्रायव्हर म्हणून जायचं त्यानं ठरवलंय. ती अमावस्या त्याच्या निघण्याचा दिवस होता. आत त्याची पिशवी भरून ठेवलेली होती.

म्हणून मला त्याच सकाळी पुरावा हवा होता, अप्पा. तुम्ही मिस्त्रीच्या डोळ्यांदेखत प्रत्येक भागावर छिन्नीची खूण करायचात. मला आजही दिसतं, तुम्ही उभे आहात, मिस्त्री तोंड वाकडं करतोय आणि तुम्ही स्टेपनीच्या रिंगवर घाव घालताय. "माझं मला ओळखू आलं पाहिजे," म्हणताय. ती छिन्नी तुम्ही मला दिलीत. ट्रक घरी आला त्याच दिवशी मी तिनं क्लचच्या काठावर तिरपी खूण केली होती, आणि ते धाकट्यालाही सांगितलं नव्हतं. खूण नसेल तर क्लच बदललेला आहे, एवढाच हिशोब.

पण तिथं काठ दिसतच नव्हता. तुम्ही दर अमावस्येला हात धुऊन पंख्याच्या मधोमध गंध लावायचात. एकदा मी तेलकट हातानं लावायला गेलो तर सगळ्यांसमोर रागावलात. तेव्हापासून मी चुकलो नाही. या ट्रकालाही तसंच लावत आलो, मधोमध, क्लचच्या तोंडावर. हळद, कुंकू, दिव्याचं तेल, वरून धूळ आणि इंजिनाची आच. सगळं भाजून विटेसारखं झालेलं. छिन्नीनं खरवडलं तर एक खपली निघाली. खाली माझी तिरपी खूण होती.

क्लच आमचाच होता.

मग त्या गुंडाळीकडं नजर गेली. पट्टीच्या वेढ्यांमध्ये गंध शिरून घट्ट बसलं होतं. वारा कितीही गरम आला तरी ती हलणार कशी? डिझेल आणि ब्रशानं वेढा न् वेढा साफ केला. गाडी पुन्हा तापवली. या वेळी पंख्याचा आवाज भरत गेला, अंगणातला पाला उडाला, ताटातला दिवा विझला. काटा खाली आला. इंजिन बंद करून पंखा ढकलला तर तो बोटाला दाद देईना.

धाकटा पिशवी घेऊन दारात आला होता. आवाज त्यानं ओळखला असणार. मी खपली त्याच्या हातावर ठेवली आणि सगळं सांगितलं. खुणेचंही सांगितलं.

तो खपली उलटीपालटी करत राहिला. "म्हंजे माझी चाबी देवानं काढून घेतली म्हण की."

"देवानं न्हाई," मी म्हणालो. "मी."

चाबी पुढं केली. त्यानं लगेच घेतली नाही. आधी बॉनेटखाली वाकून क्लचवरच्या त्या तिरप्या घावाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "ही खूण मिस्त्रीसाठी केलतीस का माझ्यासाठी?"

मी चाबी तशीच पुढं धरून ठेवली. चाबी घेतली त्यानं, पण पिशवी दारातच होती. तो टँकर भरायला गेला.

तुम्हाला हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं नसतं. तुमच्या हातची रीत मोडायची म्हणजे तुम्हाला विचारावंसं वाटत होतं, म्हणून लिहायला बसलो. गंध आता बंपरला लावतो. आणि त्याच दिवशी गाडी परत आल्यावर, धाकटा समोर बसलेला असताना, मी कानस घेऊन क्लचवरची ती खूण घासून टाकली.