फळीचा कापलेला काठ

अँटवर्प, गुरुवार

गोमार,

आजवर तुम्हाला भाऊजी म्हणत आले. इथे म्हणणार नाही, कारण हे पत्र मी पाठवणार नाही.

माझ्या नवऱ्यानं, तुमच्या सख्ख्या भावानं, ओकच्या फळीवर गोठलेल्या नदीचं ते लहानसं चित्र रंगवलं, तेव्हा आमची लेक लिस्केन जिवंत होती. अगदी डाव्या काठाशी, लाल टोपीत, वॅफल खात ती बर्फावर घसरते आहे. आहे नखाएवढी, पण हसू तिचंच. तिचं दुसरं चित्र नाही. तुम्ही ते हौसेनं विकत घेतलंत. पुढे आमचे हे गेले, आणि भिंतीवर दोन चित्रांच्या मधे बसेना म्हणून तुम्ही सुताराकडून तो काठ कापून घेतलात. मी रडले, तर हसलात.

"अहो वहिनी, नदी आहे, झाडं आहेत, कावळेसुद्धा आहेत. एका पोरीवाचून काय अडलंय?"

आता ब्रुसेल्सच्या सरदाराला ते हवंय, पण चित्र अखंड आहे अशी शपथ चित्रकाराच्या घरच्यांनी घ्यायला हवी. काल तुम्ही ती कापलेली पट्टी रुमालातून जराशी बाहेर काढलीत.

"नोटरीसमोर अखंड म्हणा, की ही तुमची."

मठाच्या शाळेत सिस्टर बार्बरा खोटं बोललेल्या मुलीचे हात हातात घेऊन म्हणायच्या, "देवाला वाईट वाटतं गं." ते उबदार हात अजून आठवतात. तरी उद्या मी खोटी शपथ घेईन. देव मला क्षमा करील. पण मी हो म्हणणार, हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं. त्याबद्दल तुम्हाला माझ्याकडून क्षमा नाही.

तुमच्या भावाची विधवा,
पेरोने