गायीच्या नावाचा कॉम्प्युटर

आई, आधी नातजावई आला, खांद्यावर नव्या कॉम्प्युटरचं खोकं घेऊन, आणि नात मागं गाडी लावत बसली. ओझरहून उपाशीच निघालेले, म्हणून मी आधी पोहे टाकले. जुना कॉम्प्युटर नातीनंच लग्नाआधी मला दिलेला, मराठी लिहायला शिकवून. त्यावर झेंडूचे भाव बघते, आणि तुला हे लिहिते, एकेका बोटानं. आता तो घरघरतो, मधेच बंद पडतो. नातजावई म्हणाला, "आजी, आतली सिस्टीम अख्खी उचलून नव्यात ठेवू. तिचा परवानाही तोच. फक्त तो एकाच ठिकाणी चालतो, जुन्यातनं काढायचा, मग नव्यात घालायचा." मी विचारलं, "आणि उघडल्यावर नाव येतं, ते राहील ना?" मला तेवढीच धास्ती.

कारण ते नाव तू ठेवलेलं. लग्नात ताटातल्या तांदळावर नवं नाव काढलं, तेव्हापासून तुझ्याशिवाय कुणी मला त्या जुन्या नावानं हाक मारली नाय. तू पहिल्यांदा इथं आलीस, ओल्या गोणपाटात शेवंतीची रोपं, मुळांना आपल्या मळ्यातली माती तशीच. दारातनं हाक मारतेस, आणि सासूबाई म्हणतात, "या नावाचं इथं कुणी नाय." मी चुलीपाशी गप्प. आत येऊन तू माझ्यावरच रागावलीस, "हाक आली की ओ द्यावी. मुकी झालीस का?" शेवंती मात्र लागली गं, अजून फुलते.

तर या नव्या कॉम्प्युटरनं सासूबाईंसारखंच केलं. सगळं आत गेलं, पण तो परवाना ओळखेना. नातजावई म्हणाला, "त्याला वाटतंय कुणी दुसरंच आलंय. आपण कळवायचं, तीच आहे, नुसतं घर बदललंय." म्हटलं, बरंय बाई, याला कळवता तरी येतं! तेवढ्यात पडद्यावर नाव आलं, आणि मी मोठ्यानं "ओ" दिली.

नात हसायला लागली. "आजी, कुणाला ओ देतेस?"

"गायीला."

पहिल्यांदा नाव टाकताना तिनं विचारलेलं, हे कुणाचं गं? मला लाज वाटली, म्हटलं, आपल्या जुन्या गायीचं. अजून ती तेच धरून बसलीय. मनात आहे, तिला खरं सांगावं आणि म्हणावं, एकदा हाक मार. कळवायला लागतो तो परवान्याचा नंबर ते ओझरलाच विसरून आले. गुरुवारी घेऊन येतो म्हणालेत.