पाणकणसातला आवाज

६ मे, बुध.
धायरीचं तळं. जागा बबनरावांची. भरावाचे डंपर रविवारी बोलावलेत, काठच्या पाणकणसाच्या उंच गवतासकट सगळं बुजणार. मी पुन्हा भुणभुण लावली. शेवटी म्हणाले, "ताई, तुमचा पक्षी घरटं करतोय म्हनता ना? मग हाय म्हनून एकदा कळू द्या. पावसाळा सरंस्तोवर हात लावत न्हाई." माणूस शब्दाचा पक्का. पक्षी मात्र यंदा मला अजून दिसलेला नाही.

७ मे
बोरू वटवट्या. घोकतेय: बुलबुलाहून लहान, पाठ तपकिरी, पोट मळकट पांढरं, डोळ्यावर फिकट भुवई, चोच लांबट. देठाला धरून लपतो, गातो मात्र कर्कश. लांब शेपटी सारखी उडवली तर तो साधा वटवट्या, आपला नव्हे.
सकाळभर बसले. साधाच दिसला. घरी आल्यावर ह्यांनी चिडवलं, "आले का जावईबापू?" दुर्बीण पुसून ठेवली.

८ मे, शुक्र.
मोबाइलवर बो.व.चं गाणं लावलं. विणीच्या दिवसांत असं करू नये, लोकांना मीच सांगते. पण रविवार…
पलीकडून लगेच उत्तर! कर्र-कर्र-किट्, अगदी तोच. पुन्हा लावलं, पुन्हा उत्तर. बबनरावांना फोन केला. अनवाणीच आले. माझ्या मोबाइलवरचं गाणं तेव्हा बंद, तरी पलीकडे चालूच. ऐकलं आणि तिथूनच डंपरवाल्याला नको म्हणून कळवलं. मला रडूच आलं.

९ मे
पलीकडच्या काठावर साने सर भेटले. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. खूष. "काल काय गात होता हो! मी मोबाइलवर लावलं की तुमच्या बाजूनं लगेच उत्तर."
म्हणजे मी त्यांच्या मोबाइलला, ते माझ्या.
सांगितलं त्यांना. त्यांनी मोबाइल खिशात टाकला. मग, "आपण दोघंही बरं गातो म्हणायचं." हसू आलं नाही.
"बबनरावांना सांगणार?"
"रविवार जाऊ दे," म्हणाले मी. लाज वाटते.

१० मे, रवि.
डंपर आले नाहीत. बबनरावांचा फोन आला. "ताई, उद्या सकाळी आईला आणतो. ती म्हनती, पूर्वी हितं लई वरडायचे. तिला ऐकायचंय."
संध्याकाळी मोबाइल घरी ठेवून गेले. सरांनीही ठेवलेला. शेजारी बसलो. अंधारताना एक देठ वाकला. तपकिरी पाठ. भुवई दिसली नाही. एकदाच, 'चक्'. शेपटी उडवली, सर म्हणतात. मी म्हणते, नाही.
बबनराव सहाला येणार. मोबाइल चार्जिंगला लावलाय. नेणार का, माहीत नाही.