सरळ केलेली रेघ

मलकपेठ, हैदराबाद
३ जानेवारी १९९७

ती. आक्कास,
उत्तमचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं, तीळही पोचले. रूपाली नोकरी करते त्या कॉम्प्युटर कंपनीची नवी इमारत बेगमपेठेला उभी राहिली आहे. तिथली दर्शनी भिंत रंगवायला दक्षिण आफ्रिकेहून मार्था स्कोसाना नावाच्या मोठ्या चित्रकार आल्या आहेत. त्यांच्या एन्देबेले समाजात बायका घराच्या भिंती रंगवतात. आईकडून लेकीकडे विद्या येते. तीच नक्षी ह्यांनी कॅनव्हासवर नेली आणि पॅरिसपर्यंत नाव झालं. वय सत्तरीला टेकलेलं, गळ्यात पितळी कडी. मॅनेजरपासून वॉचमनपर्यंत सगळे त्यांना अम्मा म्हणतात. सोबत त्यांची चाळिशीची लेक आहे, लिंडिवे. पोरीनं शब्द टाकला म्हणून भिंत घासायचं नि रंग कालवायचं काम मला मिळालं. हल्ली बोर्डांची अक्षरं मशीनवर कापून येतात, तेव्हा हेही नसे थोडके.

अम्मा कोंबडीच्या पिसानं रेघ ओढतात. पट्टी नाही, दोरी नाही. पण आक्का, खिडकीखालची एक काळी रेघ मध्येच बोटभर खाली उतरली होती. तीस वर्षं बोर्ड रंगवलेल्या माणसाला ते बघवेना. काल दोघी जेवायला गेल्या तेव्हा दोरी धरून मी ती सरळ करून टाकली. कुणाला पत्ताही लागला नाही!

दाजींना जयभीम. माया आहे तशीच राहू दे.
तुझा उत्तम


नांदेड
९ जानेवारी १९९७

चि. उत्तमरावास अ. उ. आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसूच आलं. माझ्या लग्नात मंडपाची कमान तू दोनदा उतरवून सरळ केलीस, अन् वऱ्हाड उन्हात उभं! पण भाऊ, हा काही दुकानाचा बोर्ड नाही. मी भिंत सारवायची तेव्हा माझी बोटं उमटायची. शेजारणी त्यावरूनच ओळखायच्या, ही भागूची भिंत. मागून येऊन कुणी ती गुळगुळीत केली असती तर मी त्याचा हात मोडला असता. बाईंना सांगून मोकळा हो. चार शब्द ऐकल्यानं अंगाला भोकं पडत नाहीत.

खोकल्यावर सुंठ-गूळ घे. रूपालीला आठवण येते म्हणून सांग.
तुझी आक्का


मलकपेठ
१७ जानेवारी १९९७

ती. आक्कास सप्रेम जयभीम.

गेल्या शनिवारी अम्मांनी भिंतीवरून हात फिरवला आणि त्या रेघेशी थांबल्या. तो भाग भरायचं काम लेकीकडे होतं. पुढं जे झालं त्याचा अर्थ लिंडिवेनं नंतर रूपालीला इंग्रजीत सांगितला. अम्मा तिला म्हणाल्या, माझा हात थकला असं वाटून तू पट्टी लावलीस, तुला माझी लाज वाटते. लेक नाही नाही म्हणत रडत होती. मी चार हातांवर डबा ढवळत होतो, आक्का. एक शब्द बोललो नाही. मॅनेजरनं पुढच्या शाखांचे बोर्ड देतो म्हटलं होतं, पोरीची नोकरीही तिथंच. वॉचमननं दोनदा विचारलं, पेंटर साब इत्ते खामोश कायकू म्हणून. तुझं पत्र सोमवारी आलं, तेव्हाही वेळ होता. बुधवारी लेक एकटीच विमानानं परत गेली.

काल उद्घाटन झालं. पाहुण्यांनी नेमकी तीच रेघ वाखाणली, किती सरळ म्हणून. अम्मांनी मान खाली घातली. मला ते सोसवलं नाही. सगळे गेल्यावर रूपालीला मध्ये घालून सांगून टाकलं. वाटलं, थोबाडीत देतील. त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या की तुला मी ओळखत नव्हते, लेकीला ओळखत होते. तरी तिचं ऐकलं नाही.

लिंडिवेला लिहिलेल्या पत्राची नक्कल सोबत आहे. रूपाली ते इंग्रजीत करून पाठवेल. मला रागव, पण लिहिणं सोडू नकोस.
उत्तम


मलकपेठ
१७ जानेवारी १९९७

लिंडिवेताईंस,
उत्तमराव पेंटरचा जयभीम.

तुम्हाला रंग कालवून देणारा तो मी. रेघ मी सरळ केली. तुम्ही रडत होतात तेव्हा ते त्या रेघेवरूनच आहे हे मला समजत होतं, तरी मी गप्प उभा राहिलो. रेघ बिघडवली ती अडाणीपणानं, त्याची माफी मागतो. गप्प बसल्याची माफी मागायला तोंड नाही.

ती रेघ मी पुसायला गेलो तर अम्मांनी माझा हात धरला. त्यांचं म्हणणं, ती तुम्हीच पुसायची आणि तिथं नवी रेघही तुमच्याच हातानं ओढायची. तोवर त्या हैदराबाद सोडणार नाहीत. रोज सकाळी भिंतीसमोर खुर्ची टाकून बसतील म्हणाल्या.

लोभ असावा असं लिहायचा मला हक्क नाही. माझ्यावरचा राग राहू द्या, पण या.
उत्तमराव