अक्काची सीट

पाचोरा, मंगळवार

मिस्तरीनं आज इंजिन बघितलं आणि बॉनेट लावून टाकलं. "भाऊ, इंजिनमा जीव नही शे आते. नवीच लई ल्या." मी म्हटलं, नवी गाडी नको घ्यायला, हीच दुरुस्त कर. हट्ट कसला होता माझा?

गाडी एवढी झिजली ती अक्काच्या, माझ्या आईच्या डायलिसिसपायी. दर मंगळवार-शुक्रवार जळगाव. परतताना शेजारची सीट मागे पाडून पडायची, डोळे मिटलेले, तरी म्हणायची, "खड्डा उना, हळू."

ती गेल्यापासून सीट तशीच होती. आज गॅरेजात कुणीतरी सरळ केली. मी पुन्हा मागे पाडली.

मिस्तरीनं विचारलं, "कोनले लई जानं शे?"

खरंच, दुरुस्त करून न्यायचं कुणाला?

शेवटी गाडी तशीच घेऊन घरी येताना खड्डा आला. मी गाडी हळू केली. शेजारून कुणी काही म्हटलं नव्हतं.