अंगणाला उतार

प्रिय बाबा,

उद्या सकाळी गवंडी येणार आहे. अंगणातल्या विटा उचलून, खालची माती खरवडून अंगणाला उतार द्यायचा आहे. तुम्ही असता तर त्याला फाटकातूनच परत धाडला असता. आता तुम्ही नाही, तरी तुमच्या कानावर घातल्याशिवाय पहिली वीट मला उचलू देववत नाही. म्हणून शाळेला सुट्टी आहे तर लिहायला बसले.

माय पडली, बाबा. मागच्या आठवड्यात तुळशीला पाणी घालून वळली आणि शेवाळावरून पाय गेला. मी चुलीपाशी होते. धावत गेले तर आडवी पडल्या पडल्या मलाच म्हणते, "काई नाई झालं मले. दूध पाह्य, उतू जाईन." उजवं मनगट मोडलंय तिचं. हात गळ्यात बांधलाय आणि वेणीसुद्धा मीच घालून देते. तुम्ही गेल्यापासून ती आधीच अर्धी झाली होती.

आंजी गावातलं ते लग्न तुम्हाला आठवतं का? तुम्ही पंगतीला बसला होता आणि अंगण होतं उतरतं. पत्रावळीतलं वरण भाताला वळसा घालून निघालं ते थेट शेजारच्या व्याह्याच्या धोतराला लागलं. व्याही रुसून उठला आणि मुलीचा बाप हात जोडून उभा राहिला. घरी येऊन तुम्ही लग्नाचं दुसरं काहीच सांगितलं नाहीत. फक्त म्हणालात, "माह्या पोरीच्या पंगतीत कोणाचं वरण वाहून जाणार नाई."

त्याच उन्हाळ्यात तुम्ही अंगणात विटा बसवायला घेतल्या. जिनिंग कारखान्यातला कापसाचा हंगाम संपला होता आणि तुमचा वजनकाटा बंद होता. जन्मभर काटा मधोमध आणण्यात गेलेला माणूस तुम्ही. गवंडी कशाला लावाल? दोरी ताणून, गुडघ्यांवर रांगत, एकेक वीट ठोकत होता. शेवटी मधोमध तांब्याभर पाणी ओतलंत आणि मला हाक मारलीत. "पाह्य कुसमे, पाणी जागेवरून हलून नाई राह्यलं." इतके खूश तुम्ही माझ्या पास होण्यानेही झाला नव्हता.

पाणी हललं नाही, तेच तर दुखणं होतं. पहिल्याच पावसाळ्यात अंगण हिरवं झालं. वर कडुनिंबाची सावली, त्यामुळे ऊन पडलं तरी वाळेना. चुना टाकून पाहिला, चार दिवस विटा पांढऱ्या झाल्या आणि मग पुन्हा हिरव्या. तुम्ही शेतकऱ्यांकडून मोरचूद आणलंत. त्यानं शेवाळ गेलं, पण तुळशीच्या पायथ्याशी ते पाणी गेलं म्हणून मायनं तुमच्याशी बोलणं टाकलं. मग राहिले मी, राख आणि खराटा. आपला जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, सरकार बदललं, पण आपल्या अंगणातलं पाणी काही जागचं हललं नाही.

दर पावसाळ्यात मी म्हणायची, बाबा, थोडा उतार द्या. आणि तुमचं एकच उत्तर, "लगन होऊ दे तुहं, मंग देऊ."

स्थळं आली आणि गेली. एकाला माझी शाळेतली नोकरी नको होती, एकाला माझा रंग. सगळं जुळलेलं एकच आलं, तेही भर श्रावणात. मुलाचे काका फाटकातून आत आले आणि ओसरीला पोचायच्या आत पाठीवर पडले. शेवाळ धोतराला, शेवाळ टोपीला. माझ्याकडे न बघताच ती मंडळी परतली, पायरीशीच अपशकुन झाला म्हणून. मला हसू येत होतं, पण तुमचं तोंड बघून मी आत गेले. त्या संध्याकाळी तुम्ही खुरपं घेऊन सगळं अंगण खरवडलंत. विटांची वरची कातडीच निघाली. पुढच्या वर्षी त्या विटा जास्त पाणी प्यायल्या आणि शेवाळ दुप्पट आलं. तेव्हा तरी ऐकायचं होतं, बाबा. तुमचाच हट्ट तुमच्या आड येत होता, हे तुम्हाला कधी दिसलं नाही का?

यंदाही श्रावणच होता, तुम्ही गेलात तेव्हा.

तेरवीच्या आदल्या दिवशी मी अंगण घासायला बसले. राख घेतली, खराटा घेतला आणि विटेच्या तुकड्यानं एकेक फट घासली. बायका म्हणाल्या, आम्ही करतो, तू ऊठ. मी कोणाला हात लावू दिला नाही. तुमच्या तेरवीला आलेलं माणूस तुमच्या अंगणात घसरायला नको होतं. वर ताडपत्री बांधली, पळसाच्या पत्रावळी मांडल्या आणि पंगत बसली. एवढ्या वर्षांत त्या अंगणात बसलेली ती पहिलीच पंगत. मी वरण वाढत होते. वाढता वाढता मागे वळून पाहिलं आणि पाय जागीच थांबले. वरण भाताशीच उभं होतं. एकाही पत्रावळीवरून ते वाहून गेलं नाही, बाबा. त्यानंतर मला काही वाढता आलं नाही. मी वरणाची बादली खाली ठेवली आणि न्हाणीत जाऊन रडले.

आणि त्याच पंगतीत मामानं विषय काढला. हिंगणघाटचा एक बिजवर आहे, दोन लेकरं आहेत, घरचं बरं आहे. बाप गेला की वर्षाच्या आत पोरीचं लग्न उरकावं, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागतं. मायनं तेवढंच धरून ठेवलं. दवाखान्यातून मनगट बांधून आली त्या दिवशीही मी गवंड्याचं नाव काढलं तर म्हणाली, "वरिसाच्या आत लगन हाये तुहं. आताच कायले उकरून ठेवतं? तुह्या बाबानं त्याच्यासाठीच केलतं ना थे."

मग मला बोलावंच लागलं. म्हटलं, "माय, मले लगन नाई करायचं. त्या बिजवराशी बी नाई आन कोणाशीच नाई. मी शाळेत आन तुह्यापाशी बरी हावो."

माझ्या लग्नासाठी गिरडला बोललेला नवस तिला आठवला. म्हणाली, "गिरडचा नवस तं तसाच राह्यला मंग." आणि उंबऱ्याशी बसून राहिली. दिवसभर मोडका हात मांडीवर घेऊन अंगणाकडे बघत होती. जेवली नाही. मीही नाही जेवले. मी मायच्या हातून काहीतरी ओढून घेतलं असं मला वाटत राहिलं आणि अजून वाटतं.

मला लग्न नको, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. विचारलं असतंत तर सांगितलं असतं. तुम्ही फक्त विटा जपल्यात. लग्नाचं मला आता काही वाटत नाही, पण तुम्ही त्या पंगतीची वाट बघत गेलात, हे सोसवत नाही.

काल सकाळी मी तिची वेणी घालत होते. तेव्हा माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "न्हाणीकडे उतार देजो. तुळशीकडे नको, मुळं सडतात तिचे."

मी तिची वेणी घट्ट बांधली आणि तशीच गवंड्याकडे निघाले.

बाबा, तुमच्या विटांतली एकही मी फेकू देणार नाही. कातडं गेलेल्या उलट्या करून बसवायला सांगेन. काम झालं की मधोमध तांब्याभर पाणी मी स्वतः ओतीन. ते वाहून जाईल. तुम्हाला वाईट वाटेल, मलाही वाटेल. पण ते सगळं जाईपर्यंत मी तिथेच उभी राहीन आणि मग मायला आणून त्या कोरड्या विटांवर बसवीन. त्या दिवशी आम्ही दोघी तिथेच जेवू. वरण घट्ट करीन.

तुमची,
कुसुम